इलेक्ट्रा ड्वेनला मिळू नये म्हणून

मी, मर्ना डोरोथी श्लेगेल, राहणार केटल ग्रोव्ह, विस्कॉन्सिन, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, गावच्या साप्ताहिकात लोकांच्या खोड्या काढून पोट भरणारी बाई, लिहून ठेवते की माझ्या हृदयाची झडप बिघडली आहे, डोकं नाही. सोमवारी मिलवॉकीच्या डॉक्टरीणबाई माझी छाती उघडणार आहेत. पुन्हा शिवेपर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून माझ्यामागे कोणाला काय मिळावं, आणि मुख्य म्हणजे कोणाला काय मिळू नये, हे मी आजच ठरवून जाते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझा धाकटा भाऊ ड्वेन याने तसा प्रयत्न करून पाहिला, पण दबाव आणायला त्याने ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणलं, आणि तेही कच्चं होतं. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर आमच्या चर्चला द्यावं. पास्टरबाईंनी ते ठेवावं किंवा विकावं. फक्त स्वयंपाकघरातला पिवळा वॉलपेपर काढताना कोणी हसू नये. तो माझ्या आईने लावला होता.

कलम २. बँकेतली शिल्लक भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला. माझ्या लेखांबद्दल तक्रारीची पत्रं न पाठवणारे गावात तेवढेच.

कलम ३. संपादक लायल ह्यूबर्ट यांना माझी शिवणाची मोठी कात्री. माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद ते आजवर बोथट हत्याराने कापत आले.

कलम ४. (हे कलम पुढे कलम ५ ने रद्द केलं आहे. वकील टोरगरसन म्हणाले, "मर्नाबाई, रद्द केलेलं काढून टाकून नव्याने टाइप करून आणा." मी म्हटलं, राहू द्या. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या कानावर जाऊ दे.)

माझ्या मालकीची ब्यूक इलेक्ट्रा, १९७४ सालची, गडद हिरवी, चार दारांची, वडिलांनी नवी कोरी घेतलेली. ती लांबीला एवढी आहे की गॅरेजची मागची भिंत वडिलांना बाहेर सरकवावी लागली. रंग मूळचा, गाद्या मूळच्या, छताचं कापड मूळचं. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खालून खातं. पहिलं मीठ पडायच्या आत इलेक्ट्रा गॅरेजमध्ये जाते. बॅटरी काढायची, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, उंदरांनी गाद्यांत घर करू नये म्हणून पायाशी साबणाच्या वड्या ठेवायच्या. वसंतात दोन चांगले पाऊस पडून रस्ते धुतले गेले की मगच बाहेर. यामुळे माझी एका माणसाशी सोयरीक मोडली. त्याला जानेवारीत चर्चला इलेक्ट्रातून जायचं होतं. माणूस बरा होता, पण त्याला मिठाचं गांभीर्य नव्हतं.

वडिलांच्या मागे दोन मोठ्या गाड्या राहिल्या. इलेक्ट्रा माझ्याकडे आली, आईची शेव्हरोले इम्पाला आईकडेच होती. त्याच उन्हाळ्यात ड्वेन आईला म्हणाला, "मम्मा, जत्रेतल्या जुन्या गाड्यांच्या परेडमध्ये तुझी इम्पाला नेतो." आईने सकाळभर गुडघ्यावर बसून तिचा बंपर घासला. नवा ब्लाउज घातला. आम्ही दोघी मैदानात पुढच्या बाकावर बसलो. परेड झाली, इम्पाला आली नाही. दुपारी आली. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून बंद केलेली, आणि अंगभर केशरी रंगाने ड्वेनचं नाव. ही आमच्या जत्रेतली गाड्या फोडायची शर्यत. गाड्यांनी एकमेकींवर आदळायचं आणि जिची चाकं शेवटपर्यंत फिरतील ती जिंकली. आजूबाजूला लोक ओरडत होते, म्हणून आईही टाळ्या वाजवत राहिली. बंपर तुटून चिखलात पडला तेव्हा ती मला म्हणाली, "मर्ना, तो चकाकतोय अजून." ड्वेनला चषक मिळाला. तो त्याने आईच्या टीव्हीवर आणून ठेवला आणि आईने मरेपर्यंत त्याची धूळ पुसली. मी पुसली नसती.

गेल्या महिन्यात माझ्या झडपेची बातमी गावात फुटली आणि ड्वेन कॅसरोल घेऊन आला. कॅसरोल ओट्यावर ठेवलं आणि चर्चला घालायच्या चांगल्या पँटमध्ये सरळ गॅरेजच्या फरशीवर आडवा झाला. इलेक्ट्राच्या पोटाखाली बोटाने टकटक करू लागला.

"अगं मर्ना, काय फ्रेम आहे! गंजाचा ठिपका नाही!"

"मिठात गेली नाही म्हणून."

"शर्यतीत ही उलटी मागे नेऊन दुसऱ्यांवर घातली ना, तर आख्खं मैदान साफ करीन बघ. असल्या गाड्या जिल्ह्यात उरल्याच नाहीत आता."

"का रे उरल्या नाहीत?"

त्याने खालून प्रामाणिकपणे विचार केला. "आम्हीच फोडल्या की."

मग जरा वेळाने, "तू म्हणजे... देव न करो... पण समज, तू..."

"देवाचं मी बघते. तू ऊठ, फरशीला डाग पडेल."

विकावी म्हटलं तर तो दुसऱ्याला पुढे करून घेईल. संग्रहालयाला द्यावी तर तिथला चौकीदार त्याचा शर्यतीतला जोडीदार. तेव्हा सर्व बाजूंनी विचार करून ही गाडी, वडिलांच्या जॅक आणि पान्यांसह, मी ड्वेनची बायको ग्लेंडा हिला देते. ग्लेंडा तीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. ड्वेन चारचौघांत म्हणतो, "बायकांना एवढं लांब धूड वळवता येत नाही." तिची बस इलेक्ट्राच्या दुप्पट आहे, आणि तिच्यात मागे साठ पोरं बोंबलत असतात. ड्वेनला मागच्या सीटवर बसण्याचा हक्क राहील. बूट काढून.

कलम ५. वरील कलम रद्द. कारण असं.

या बुधवारी मी ग्लेंडाला बोलावून कलम चार वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"मर्ना, तुझी अक्कल कुठे गेली गं? हे वाचणार तू मेल्यावर. तोवर हिच्या काचा निघालेल्या असतील. त्याच्याकडे तुझ्या गॅरेजची किल्ली नाहीये का?"

आहे. आईच्या वेळेपासून आहे.

"आणि माझ्या नावावर केलीस तरी ती उभी कुठे राहणार? त्याच्याच अंगणात ना? म्हणे मागच्या सीटवर बसेल! तो मला एका रात्रीत सही करायला लावेल आणि वर म्हणेल, बघ, तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मग करू काय?"

"मला आत्ता दे. माझी बहीण टूसॉनला असते. तिकडे वाळवंट आहे. रस्त्यावर मीठ नाही, गंज नाही."

"किती दिवस राहणार आहेस?"

ती उठली. "डिकी उघड बघू."

उघडली. तिने आत वाकून पाहिलं, हाताने मापलं, आणि म्हणाली, "चारही बॅगा बसतील. शिवणयंत्रसुद्धा."

त्याहून जास्त मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मी गाडीचे कागद काढले आणि स्वयंपाकघरातच तिच्या नावावर सही केली. खरं सांगायचं तर सोमवारपर्यंत रोज सकाळी इलेक्ट्रात बसून कॉफी प्यायची असं माझं ठरलं होतं. एकच सकाळ मिळाली. ग्लेंडाने ती अरुंद गॅरेजमधून एका दमात मागे काढली, आरशाकडे एकदाही न बघता. कोपऱ्यावर तिने हॉर्न दिला. तो वडिलांसारखा खाकरतो. मी अंगणात स्लिपर घालून उभी राहिले आणि पुष्कळ वेळ आत गेले नाही.

संध्याकाळी ड्वेनचा फोन. "मर्ना, ग्लेंडाची चिठ्ठी आहे, बहिणीकडे गेले म्हणून. विमानाने गेली असेल ना? आणि कॅसरोल किती वेळ ओव्हनमध्ये ठेवतात गं?"

मी म्हटलं, "तू ठेवतोस त्याच्या दुप्पट."

काल ग्लेंडाने ओक्लाहोमातून फोन केला. पेट्रोल पंपावरचे पुरुष तिला थांबवून विचारतात, "बाई, ही विकायची आहे का?" ती सांगते, "हिच्यात मी राहते." आणि खूप हसते. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हापासून मी तिला एवढं हसताना ऐकलं नव्हतं.

कलम ६. हे कलम टोरगरसन यांनी सर्वांत आधी वाचावं, बाकीची नंतर.

मी गॅरेजचं कुलूप बदललं आहे. ड्वेन खिडकीतून डोकावतो हे मला ठाऊक आहे. त्याला ताडपत्रीखाली काहीतरी लांब आणि रुंद दिसावं म्हणून आम्ही तिथे एक रचना केली आहे. आम्ही म्हणजे शेजारचे हॅरॉल्ड प्रुचा. मला जड उचलायला मनाई आहे. ताडपत्रीखालच्या शिड्या त्यांच्याकडच्या जुन्या, त्यांनी मला बक्षीस दिल्या. माझी मैत्रीण लुआन बीरमन म्हणाली, "मर्ना, मृत्युपत्र ही काय उट्टं काढायची जागा आहे?" मी म्हटलं, "मग कुठली? तिथे तरी तो मध्ये बोलणार नाही." त्यावर तिने उशा आणून दिल्या. पुढच्या काचेचा उतार उशांमुळे अगदी हुबेहूब आला आहे.

तरी, गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जे काही असेल ते सर्व मी माझा भाऊ ड्वेन श्लेगेल याला देते. त्याने ती ताडपत्री स्वतःच्या हाताने काढावी. घाई करू नये. हॅरॉल्ड यांनी त्याच्या समोर उभं राहावं आणि चेहरा नीट बघून ठेवावा, म्हणजे मी जगले असते तर त्यांनी मला सांगितला असता तसा तो लुआनला सांगता येईल.

आणि मी जगलेच, तर ताडपत्रीच्या बाजूला मी स्वतः खुर्ची टाकून बसेन.

हे सर्व वाचून, समजून मी समाधानाने सही केली.

सही: मर्ना डी. श्लेगेल

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, मजा सोडून.

साक्षीदार: हॅरॉल्ड जे. प्रुचा
साक्षीदार: लुआन बीरमन

केटल ग्रोव्ह, विस्कॉन्सिन
शनिवार, १६ ऑक्टोबर २०२१