व्यत्ययाबद्दल दिलगीर

नांदेड,
मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा
(रेडिओवर गुडघेदुखीचं भाषण आत्ताच संपलं)

ती. रुद्राक्का हिला,

चंदाचा वाकून नमस्कार. भाषणातले सगळे व्यायाम करूनही गुडघे पूर्ण वाकत नाहीत, तेव्हा जेवढा वाकला तेवढा नमस्कार पोचला असं समज. तुझी तब्येत ठणठणीत आहे असं मन्मथकडून कळलं. (लेक असावा तर असा. आईने माझ्याशी बोलणं टाकलं तरी हा रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन मला तुझी खबर देतो.) तू ठणठणीत आहेस हे मी गेले अकरा दिवस इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकते. काल तर मी ते गॅस सिलिंडरवाल्याला सांगितलं.

आज शेंगा फोडायला घेतल्या आणि तुमचं मुरुडचं परस आठवलं. मी नऊ वर्षांची, तू पंधराची. मावशीने सूपभर शेंगा आपल्या दोघींच्या मध्ये ओतलेल्या. कट्ट्यावर काकांचा ट्रान्झिस्टर, कातडी वेष्टनातला, पुढे भोकं असलेला, आणि शेजारी दोन जुने सेल उन्हात ठेवलेले, कारण ऊन खाल्लं की सेलात आणखी दोन दिवसांचा जीव येतो असं काकांचं मत होतं. गाणं चालू होतं ते मध्येच थांबलं. जरा वेळ नुसती शांतता, आणि मग बाई म्हणाल्या, आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी तुला विचारलं, अक्का, हा व्यत्यय कोण? हा येतो, गाणं बंद पाडतो, आणि माफी मात्र बाई मागतात. तू हसली नाहीस. शेंग फोडता फोडता इतकंच म्हणालीस, की व्यत्ययमामा मागच्या चिंचेवर राहतो आणि जी मुलगी कच्चे दाणे खाते तिच्याकडे येतो. दोन उन्हाळे मी कच्चा दाणा तोंडात टाकला नाही, अक्का. (पुढे मोठेपणी कळलं, की त्या दोन उन्हाळ्यांतले माझ्या वाटणीचे दाणे तू खाल्लेस.)

खरं सांगायचं तर माझं मराठी त्या परसातलंच. बाबा रेल्वेत, बदली सिकंदराबादची, शाळा कॉन्व्हेंटची. तिथे सिस्टरांनी मला काटा कुठल्या हातात धरायचा, रुमालाची घडी कशी घालायची आणि देवाचे आभार दिवसातून किती वेळा मानायचे हे शिकवलं. मराठी तिथे कुणाला येत नव्हतं. ते शिकवलं रेडिओने आणि तू. बातम्या संपल्या की तू प्रत्येक वाक्य मला म्हणायला लावायचीस. त्यामुळे ‘भूक लागली’ म्हणायच्या आधी मला ‘अवर्षणग्रस्त भागातील परिस्थितीचा आढावा’ म्हणता यायला लागलं. मावशी पाव्हण्यांसमोर मला ते म्हणायला लावायची आणि मग बक्षीस म्हणून गुळाचा खडा द्यायची.

तो नाद आजही सुटलेला नाही. पहाटे भक्तिगीतं, मग चिंतन, मग बातम्या, मग शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम. (माझ्याकडे शेत नाही. पण तुरीला मर रोग कशाने लागतो, हे मला हिमायतनगरला शेती करणाऱ्या माझ्या धाकट्या भावापेक्षा, आदिनाथपेक्षा, जास्त माहीत आहे, आणि मी ते त्याला दर दिवाळीला सांगते.) दुपारी बायकांच्या गप्पा, तीन वाजता कुणीतरी एकच राग इतक्या सावकाश उलगडतो की तोवर माझं तांदूळ निवडणं होतं, संध्याकाळी कव्वाली, कधी लमाणी गाणी, कधी पोवाडा. मध्येच एखादे निवृत्त प्राध्यापक गोदावरीच्या घाटांबद्दल अशा आवाजात बोलतात, की जणू मला एकटीला शेजारी बसवून सांगत आहेत. मी काही मागितलेलं नसतं. तरी हे सगळं रोज घरात येतं, चहासुद्धा घेत नाही आणि जातं. सिस्टरांची शिकवण आठवते आणि मी मनातल्या मनात आभार मानते. आमचे विरूपाक्षराव म्हणतात, “एवढी शेती ऐकून राहिलीस, कुंडीतला पुदिना तरी जगव.”

आता मूळ गोष्टीकडे येते. (तू कपाळाला आठी घातलीस ती मला इथे दिसली. तरी वाच.)

तुझी सत्तरी आली. साडी घ्यावी तर तू ती सुनेला देणार. मनात आलं, अक्काला रेडिओवरून गाणं द्यावं. फर्माईश ती फर्माईश, म्हणून पोस्टकार्डच आणलं आणि कुणालाही न दाखवता, अगदी ह्यांनाही नाही, माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं. गाणं कोणतं, तर तू शेंगा फोडताना गुणगुणायचीस ते भजन. त्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता, चाल फार गोड होती. ते देह सोडून पलीकडे जाण्याचं भजन आहे, हे मला परवा कळलं. वर मजकूर लिहिला तो असा: ‘माझी मावसबहीण आणि मराठीची गुरू, मुरुडच्या श्रीमती रुद्राणी यांच्या स्मरणार्थ. त्यांनी मला रेडिओ ऐकायला शिकवलं. त्या शेंगा फार छान फोडत. त्या क्वचित हसत, पण हसल्या की परस भरून जाई.’

अक्का, स्मरण म्हणजे आठवण. अर्थ म्हणजे साठी. तुझी आठवण काढण्यासाठी. ह्यात चूक कुठे आहे, ते मला कार्ड टाकताना कुणी सांगितलं असतं तरी मी वाद घातला असता.

निवेदिका बाईंचा ह्यात तिळभर दोष नाही. मी लिहिलं तेच त्यांनी वाचलं, आणि किती मायेने वाचलं! ‘परस भरून जाई’च्या आधी त्या थोड्या थांबल्या. मी तर ऐकताना रडले. डोळे पुसते आहे तोच आदिनाथचा फोन.

“चंदाक्का, आत्ताच ऐकलो. कधी झालं?”

“आत्ताच की. दहा वाजून वीस मिनिटांनी.”

“तू जवळ होतीस का?”

“अगदी जवळ. कान लावूनच बसले होते.”

“फार त्रास न्हाई न झाला?”

“छे रे. सुरुवातीला जरा खरखर होती, मग एकदम स्पष्ट. शेवटपर्यंत.”

“चला. शेवट गोड झाला म्हणायचा.”

“हो ना. मी तर पुन्हा एकदा व्हावं म्हणून कार्ड टाकणार आहे.”

मग तो हळूच म्हणाला, “तू जरा पडून राहा, अक्का. मी येऊन राहिलो.”

एवढ्यात विरूपाक्षराव टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर. त्यांनीही आतून ऐकलं होतं. “रुद्राणी गेली आणि तू मला सांगितलं न्हाईस?” मी म्हटलं, कुठे गेली? ते खाली बसले, डोळे चोळले, म्हणाले, साबण गेला डोळ्यांत. (साबण कानावर होता.) मग त्यांनी मला स्मरणार्थचा अर्थ सांगितला.

पण तोवर आदिनाथने बस धरायच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून श्रद्धांजली वाहिली होती. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, तोंडात जिलबी असलेला. हे वाईटच. पण मन्मथ सांगतो, की त्या फोटोखाली जे एक्केचाळीस जणांनी हात जोडले, त्यात चष्मा न लावता तूही जोडलेस. अक्का, तुझा राग मला कळतो. मी मारलं ते मारलं, पण तुझ्याकडून तुलाच नमस्कार करवला, हे तुला सहन होण्यासारखं नाही.

दुपारपर्यंत घरात माणसंच माणसं. दुःखाच्या घरी चूल पेटवू द्यायची नाही म्हणून शेजारच्या तुळजाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या जसबीरभाभींनी पातेलं भरून खिचडी आणली. आदिनाथ बायकोने दिलेल्या दशम्या आणि चटणी घेऊन पोचला. मी सगळ्यांना सांगत होते, माझी बहीण जिवंत आहे. जसबीरभाभींना आणि आदिनाथला थोड्या वेळाने समजलं आणि ते हसत हसत खिचडी खाऊन गेले. पण तुळजाबाईंनी माझा हात हातात घेतला. “हाव बाई, हाय. मनात हायच की.” मी म्हटलं, तसं नाही, खरोखरची मुरुडला आहे, थांबा, फोनच लावते. लावला. तू तोवर फोन बंद केला होतास. त्यातली बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. तुळजाबाईंनी मान डोलावली. “बघा. त्येबी तेच म्हणून राहिले.” तेव्हापासून त्या रोज येतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि धक्का बसला की असं होतं म्हणतात.

आता जे सांगणार आहे ते नीट बसून वाच. त्या दिवशी लातूरहून महामायाचा फोन आला. तू शाळेत शिकवायचीस तेव्हाची तुझी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावर बसायची ती. आता कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, “बाई मला परिपाठाला बातम्या वाचायला लावायच्या. आमच्या घरी रेडिओ नव्हता. तर बाई सकाळी दार उघडं टाकायच्या आणि आवाज मोठा करायच्या. मी बाहेर रस्त्यावर उभी राहून लिहून घ्यायची. एक दिवस बघते तर उंबऱ्याच्या आत पाट मांडलेला. बाईंच्या सासूबाई आतून काहीतरी म्हणाल्या, तर बाईंनी रेडिओ आणखी मोठा केला. मी आत जाऊन बसले. त्या दिवसापासून पाट रोज.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पन्नासएक वर्षं मी तुझ्याशी बोलते आहे (त्यातली कितीतरी वर्षं सोन्याच्या भावाच्या ट्रंककॉलवरून, असं हे म्हणतात), आणि हे मला तू गेल्यावर कळावं? मी महामायाला सांगितलं, अगं, बाई आहेत, माझंच मराठी कच्चं. ती आधी हसली, मग रडली, मग घाबरून म्हणाली, मी असं बोलले ते बाईंना सांगू नका, त्या मला शुद्धलेखन विचारतील. मी सांगितलं आहे. विचार तिला.

असे किती जण बोलले, अक्का. मी सगळं वहीत उतरवलं आहे, तुझ्याच पद्धतीने, वाक्य संपलं की लिहून. ह्यांनी तर कबूल केलं, की रुद्राणीसारखी कढी आपल्या घरात आजवर झाली नाही. (ते मी वहीत लिहिलेलं नाही.) माझ्या एका चुकीच्या शब्दाने एवढं तुझ्या पदरात पडलं. त्यासाठी मी कार्डाची, निवेदिका बाईंची, अगदी आदिनाथच्या जिलबीच्या फोटोचीसुद्धा ऋणी आहे. तू जिवंत असताना हे ऐकणारी एकटी मी आहे, आणि मला ते एकटीला पेलवत नाही.

मी दुसरं कार्डही लिहिलं. ‘मागील कार्डातील रुद्राणी अद्याप गेलेल्या नाहीत, तरी गाणे पुन्हा लावावे.’ ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, “आधी ‘अद्याप’ खोड.” मग बरोबर शब्द त्यांनीच सांगितला, वाढदिवसाप्रीत्यर्थ. म्हणजे बघ, माझा अर्थ बरोबर होता, फक्त त्याच्या आधीचा शब्द चुकला. स्मरण लिहिलं, प्रीती लिहायची होती.

तुझ्या आयुष्यात आलेल्या व्यत्ययाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

तुझी,
चंदा

ता. क. १: भजन बदललं आहे. नवीन गाणं पाळण्याचं आहे. त्यातून कुणी काही गैरसमज करून घेणार नाही अशी आशा आहे. ह्यांना तितकीशी नाही.

ता. क. २: फोन चालू कर असं मी म्हणत नाही. फोनने तुळजाबाईंचं समाधान होणार नाही. येत्या रविवारी मुरुडहून लातूर आणि तिथून अहमदपूर-लोह्याच्या एसटीने तू स्वतः इथे ये. मन्मथने रजा काढली आहे. (तुला सांगू नको म्हणाला होता.) इथे तीन डबे धुऊन ठेवले आहेत. दुखवट्याचा डबा रिकामा परत करायचा असतो, हे मला तुळजाबाईंनीच सांगितलं, आणि मी तो करत नाही म्हणून त्या काळजीत आहेत. मी ते भरून परत करणार आहे आणि ते तुझ्याच हातून जायला हवेत. तेव्हा नीट लक्षात ठेव. पितळी कडीचा उभा डबा तुळजाबाईंचा, त्यात दाण्याचे लाडू. तो तू त्यांच्या हातात द्यायचा आणि हात लगेच सोडायचा नाही, चाचपून बघू द्यायचा. मोठं पातेलं जसबीरभाभींचं, त्यात चिवडा. झाकणावर ‘आ’ कोरलेला डबा आदिनाथचा, त्यात जिलबी. त्याला काय बोलायचं ते तुझं तू ठरव. वही तुझीच, पण महामायाला दाखवायची नाही. लातूरला उतरशील तेव्हा तिला एक पाट द्यायचा आहे. पाट तुझ्याकडे असेलच, तू काही टाकत नाहीस.

ता. क. ३: चौथा एक छोटा डबा आहे, तो कुणालाच द्यायचा नाही. त्यात आज सकाळी फोडलेले कच्चे दाणे आहेत. दोन उन्हाळ्यांचे. ते आपण दोघींनी रेडिओसमोर बसून खायचे. घाबरायचं कारण नाही, व्यत्ययमामा यंदाचा येऊन गेला.