शिपाई खसखस वेचतात तेव्हा

विल्मे,

मी तेर्का, तुझी थोरली बहीण. तिसा नदीकाठी राहते, दोन गुडघे आहेत, त्यातला एक चालतो. ओळख मुद्दाम देते, कारण इस्टरपासून तुझी एक ओळ नाही. म्हटलं, बाई विसरली असेल. दमा कसा आहे? जावईबापूंना आशीर्वाद सांग. (मी बोलते, पोस्टातली एतेल लिहिते. शुद्धलेखन तिचं, टोमणे माझे.)

तर गावात सिनेमा आलाय. बघायचा नव्हे, काढायचा. व्हिएन्नाच्या बादशहाचे शिपाई पूर्वी आपल्यावर कसा जुलूम करायचे, ते दाखवायला राजधानीतून, पेस्टहून, एक दाढीवाला दिग्दर्शक आलाय. त्याला जुन्या समजुती हव्या होत्या. मी आजीची सांगितली: चेटकिणी पाठीस लागल्या की पळताना मागे खसखस सांडत जायची, दाणा न् दाणा वेचल्याशिवाय त्यांना पुढे पाऊल टाकता येत नाही. तो उडालाच. म्हणाला, "तेर्काआजी, चेटकिणींच्या जागी शिपाई घालू!" म्हटलं, घाल बाबा. निदान तुझे तरी थांबू देत.

झालं, माझी नाताळची सगळी काळी खसखस गेली. पहिल्या वेळी कॅमेरा अडकला. दुसऱ्या वेळी माझ्या कोंबड्यांनी दाणे टिपले आणि तिथेच पेंगायला लागल्या (एतेल म्हणते, खसखशीने नव्हे, म्हातारपणाने. तिला कोणी विचारलं?). तिसऱ्या वेळी शिपायांचा सरदार, म्हणजे आपला खाटीक गॅर्गे, वाकला तो वाकलाच. चौघांनी उचलून नेला.

चौथ्या वेळी नदीवरून धुकं आलं. नायिका अंगणभर खसखस सांडत पळाली, तिचा नवरा नदीकाठच्या उंच बोरूच्या बनात शिरला, आणि बारा शिपाई बंदुका खाली ठेवून बर्फात गुडघ्यांवर बसले. विल्मे, कुठे आवाज नाही. पांढऱ्यावर काळे दाणे, आणि ते एकेक दाणा चिमटीत धरून टोपीत टाकतायत, जणू त्यांना कुठे जायचंच नाही. पलीकडे बोरू हलत होता. हलत हलत दूर गेला, मग थांबला. "कट!" झालं तरी मी कुंपण धरून म्हणत होते, वेचा रे बाबांनो, सावकाश वेचा.

आमच्या घरधन्याला, अम्ब्रुशला, खरे शिपाई न्यायला आले, तेव्हा मीही दारापासून फाटकापर्यंत खसखस सांडली होती. (ते कुठल्या बादशहाचे, ते एतेल लिहीत नाही, तिची सरकारी नोकरी आहे.) परक्यांना आपले रिवाज कुठले ठाऊक? बुटांखाली दाणे करकरले, तेवढंच. अम्ब्रुश अजून यायचाय. दिग्दर्शकाला हे मी सांगितलेलं नाही. त्याचा शेवट बरा आहे.

तुझी तेर्का

ता. क. थोडी खसखस पाठव. नाताळला भाजायच्या गोड रोलला हवी.

आणखी ता. क. रोलचं खोटं. धुक्यात माणसं दिसली नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा घेणार आहेत. खसखस नसली तर शिपाई न थांबता नवऱ्याला धरतील, असा शेवट करू म्हणतो मेला दाढीवाला. तेव्हा दोन किलो पाठव. आख्खी, दळलेली नको. आणि बारीक दाण्याची बघून घे. दाणा जितका बारीक, तितका त्यांना वेळ लागेल.