मी खडकामागून का वर आलो

बाई,

तुम्ही मला तीस-पस्तीस मुलींच्या देखत दगड म्हणालात. नुसतं दगड म्हणून थांबलाही नाहीत. "दगड तरी पाय ठेवायला उपयोगी पडतो," असं वर म्हणालात. मध्ये लढाई सुरू झाली आणि संपली, तुम्हाला जाऊनही पाच-सहा उन्हाळे झाले, मी कराचीच्या बंदरावर येऊन दोरखंड ओढतो, पण ते वाक्य माझ्या कानातून निघत नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं माझी आई म्हणते. मी धरलाय. आज सुट्टी आहे, खोलीवर कुणी नाही, म्हणून बसून लिहितोच. त्या वेळी मी बोललो नाही आणि नंतर बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात तुम्ही कल्याणच्या शाळेतल्या मुलींचं उन्हाळी शिबिर घेऊन आलात. गावानं त्याचं नाव छावणी ठेवलं. सहा बैलगाड्या भरून ट्रंका, वळकट्या, पातेली, आणि त्यांच्या मागून दोन वेण्या उडवत चालणाऱ्या मुली. मुली आणि बाया शाळेत झोपायच्या, आंब्याच्या राईत कवायत चालायची, चिंचेखाली चूल. लाठी-लेझीम शिकवायला येणारे मास्तर तापानं पडले म्हणून आलेच नाहीत आणि तुम्ही विचारत विचारत आमच्या दारात आलात. आई उखळात भात कांडत होती. "तुमचा मुलगा डोहात पोहताना पाहिला. आमच्या मुलींना शिकवेल का?" आईचं मुसळ वरच्या वर राहिलं. "ह्यो? अवो बाई, ह्याला चौथीतनं गुरुजींनी हाकलला. ह्यो काय शिकवनार?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "चौथी पास झालेल्या माझ्या एकाही मुलीला पोहता येत नाही. याला येतं." बाई, त्याआधी मला काही येतं असं कुणी बोललं नव्हतं. तुम्हीच मला माणसात बसवलंत, म्हणून तर मग जास्त लागलं.

नऊ धाकट्या मुलींची तुकडी तुम्ही माझ्या हवाली केलीत. सकाळी लाठी, मग गोफण, झाडावर चढणं, दुपार कलल्यावर डोह. त्याशिवाय घरची आठवण काढून रडणारीला गप्प करणं, खाजकुयली कुठली ते दाखवणं, करवंदं किती खाल्ली की पोट बिघडतं ते आधी सांगणं, हेही माझ्याकडेच. एक पोरगी तीन दिवस जेवली नाही. तिला आंब्याची कोय घासून पिपाणी करून दिली, तर दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ जणी पिपाण्या वाजवत तुमच्या प्रार्थनेत येऊन बसल्या. "मास्तर, तुम्ही खरंच चौथी नापास?" असं त्या मला विचारायच्या. "तिसरी पास," मी म्हणायचो. मग जी हसाहस व्हायची! तुम्ही मला पंगतीत मुलींच्याच रांगेच्या टोकाला बसवायचात आणि स्वतःच्या हातानं वाढायचात. तिन्हीसांजेला मी तुकडीची वही लिहायची. आज काय शिकवलं, कोण पडलं, कोण रुसलं. मी "तुमी" लिहिलं की तुम्ही लाल पेन्सिलीनं "तुम्ही" करायचात. "जे घडलं ते लिहायचं," म्हणायचात, "घडायला हवं होतं ते नाही."

आणि तुमचा तो नियम. मास्तरानं कुठल्याही मुलीला हात लावायचा नाही. लाठीची पकड चुकली तर माझ्या लाठीच्या टोकानं तिचं बोट सरकवायचं. झाडावरून उतरताना पाय सापडला नाही तर खालून बोलून सांगायचं. पाण्यात मी खडकावर उभा, हातात लांब बांबू, मुलगी बांबूचं टोक धरून पाय मारणार. पहिल्या दिवशी मला हसू आलं, मग सवय झाली, मग मला त्यात हुशारीही वाटायला लागली. पण भोपळ्यांचं काय? नवशिक्या मुलीच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधतात, त्याच्यावर ती तरंगते. ते मी बांधायचे नाहीत, शिवणाच्या बाईंनी बांधायचे. शिवणाच्या बाई पाण्याला भिणाऱ्या. त्या परकराच्या नाडीला मारतात तशी गाठ मारायच्या. मी खडकावरून ओरडायचो, "बाई, ती गाठ निसटंल." त्या म्हणायच्या, "अरे, माझं आयुष्य दोऱ्यात गेलं, तू मला गाठ शिकवतोस?" मुली फिदीफिदी हसायच्या. मी तुमच्याकडे आलो, आठवतं? मी म्हणालो, पोर हात मारते तशी ही गाठ ढिली होत जाते, मला बांधू द्या, हवं तर मुलीनं अंगावर पंचा गुंडाळावा. तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत. "नियम म्हणजे नियम. तू लांबून सांग, त्या बांधतील." लांबून सांगून गाठ येते का हो बाई? मी इथं रोज नव्या माणसांना गाठ शिकवतो. त्यांचा हात माझ्या हातात घेतल्याशिवाय एकालाही आलेली नाही.

तुमची अडचण मला कळत नव्हती असं नाही. तुकडीतल्या सर्वांत किडकिडीत मुलीचे वडील एका रविवारी भेटायला आले, काळी टोपी, छत्री. मला बांबू घेऊन उभा पाहिल्यावर त्यांचा चेहराच फिरला. राईत सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "परपुरुषाचा हात माझ्या मुलीला लागला असं नुसतं कानावर आलं, तर त्या दिवसापासून तिची शाळा बंद. स्थळ बघून ठेवलंय, उरकून टाकतो." तुम्ही हात जोडून म्हणालात, "हात लागणार नाही." ती मुलगी तिथंच उभी होती, खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. ते गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "मास्तर, मला सातवी पुरी करायचीये हो. पुढं मास्तरीण व्हायचंय, बाईंसारखी." मी म्हणालो, "होशील की. आधी पाय सरळ मारायला शीक." त्यानंतर पाण्यात ती समोर आली की मी बांबू आणखी लांब धरायचो.

आता तो दिवस. चार वाजलेत, म्हशी नुकत्याच डोहातून उठून गेल्यात, पाणी चहासारखं झालंय. तुम्ही वर राईत आहात. तीच किडकिडीत पोरगी डोहाच्या मध्याकडे सरकतेय, चांगले पाय मारतेय, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या पाठीवरचे भोपळे बाजूला होतात आणि त्यांच्या त्यांच्या वाटेनं वाहत जातात. ती एकदा वर येते, बांबूकडे हात टाकते, चुकतो. शिवणाच्या बाई काठावर डोळे झाकून किंचाळतात. मी बांबू थोरल्या मुलीच्या हातात कोंबतो, "समोर धर, सोडू नको," म्हणतो आणि खडकाच्या मागच्या अंगानं पाण्यात शिरतो. मागच्या अंगानं का? फार विचार केला असं म्हणणार नाही. महिनाभर तुमचा नियम पाळून पाळून पाय आपोआप तिकडे वळले, आणि कानात ती काळी टोपी बोलत होती. मी तळातून गेलो. गढूळ पाण्यात चाचपडत तिचा दंड सापडला. कमरेला धरून तिला वर रेटली, पार बांबूपर्यंत. बांबूला तिचा हात लागल्याचं मला खालून कळलं. मग दम कोंडून तसाच मागे फिरलो आणि जिथून शिरलो तिथून, खडकाच्या पलीकडे वर आलो. कुणीही पाहिलं नाही. पाहू नये म्हणूनच तर फुप्फुस फुटायची वेळ आणली.

तुम्ही धावत खाली आलात, मागोमाग छावणीतल्या सगळ्या मुली, तेव्हा पोरगी काठावर ओकत होती आणि मी खडकाआडून निथळत बाहेर येत होतो. शिवणाच्या बाई, जिनं ती गाठ मारली ती बाई, तुम्हाला म्हणते, "पळाला हो हा! पोर बुडत होती आणि हा खडकामागं पळाला!" पोरीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं. "मास्तरांनी..." एवढं बोलली. मी मान हलवली, नको म्हणून. तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "मी बांबू धरला." तेरा वर्षांची पोर, तिला एका क्षणात सगळं कळलं. आणि तुम्हाला, एवढं शिकलेल्या तुम्हाला, कळलं नाही. "हात द्यायला काय झालं होतं तुला?" असं ओरडलात. हात द्यायला! बाई, हा प्रश्न तुम्ही मला विचारायचात? आणि मग ते दगडाचं.

त्या तिन्हीसांजेला मी वही तुमच्यासमोर ठेवली. पान कोरं होतं. घडलं ते लिहिता येत नव्हतं आणि न घडलेलं लिहायचं नाही असं तुम्हीच शिकवलेलं. एरवी एक काना राहिला तरी मला बोलावून दाखवणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी अख्खं पान कोरं बघितलंत, वही मिटलीत आणि म्हणालात, "उद्यापासून येऊ नकोस."

गावात काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. चुलता पारावर चारचौघांत म्हणाला, "काय रे मास्तर, पोरगी बुडत होती आन तू खडकाच्या मागं? नाय, आमी आपलं इचारतो." पोरं मला बघून नाक दाबून खाली बसायची, बुडी मारल्यासारखी. आई तेवढी म्हणाली, "काय झालं ते सांग रे मला. तोंडात माती घातलीस का?" तिलाही सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर माझी बाजू घेऊन ती तुमच्या चुलीपर्यंत भांडायला आली असती. महिन्याभरात मी शहापूरला लाकडाच्या वखारीत गेलो, तिथून मुंबई, तिथून इकडे. कुठंच फार दिवस टिकलो नाही. पुढल्या वर्षीही तुम्ही छावणी आणलीत, पण पोहणं बंद केलंत, असं कळलं. याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. चुकली ती गाठ. गाठ नीट मारायची सोडून तुम्ही नदीच वगळलीत. एवढ्या पोरी कोरड्या घरी पाठवल्यात. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही विषमज्वरानं गेलात, तेही मला गावाकडून आलेल्या माणसानं उभ्या उभ्या सांगितलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, सातवी झाली का, ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकून पोचणार कुठं, हे तर आहेच. शिवाय कागद कुणाच्याही हाती लागतो आणि ती आता कुणाच्या तरी घरात असेल. फाडून टाकीन. पण फाडायच्या आधी एक लिहितो, तेवढं मात्र घडलं तसं. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की मी तिच्या शाळेसाठी गप्प राहिलो. त्या दिवशी काठावर तिच्यासाठीच गप्प राहिलो, ते खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी राईच्या वळणावर, तुमच्या चुलीचा धूर दिसेल अशा ठिकाणी, दुपारपर्यंत बसून होतो. तुम्ही कुणाला तरी पाठवाल, बोलावून घ्याल, वही पुढे टाकून म्हणाल, हे पान कोरं का रे? एवढंच विचारलं असतंत, बाई, तर मी सगळं सांगून मोकळा झालो असतो. तिच्या शाळेची आठवणसुद्धा मला झाली नसती.