नळ्यांची तोंडे मागच्या बाजूला

मी, ब्रायन इनास तुस्कानो, वय सव्वीस, मूळ राहणार पाचूबंदर, वसई, सध्या राहणार ओल्ड एअरपोर्ट, दोहा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, दिवसाउजेडी आणि पोटात दुखत नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही किंवा फूस लावलेली नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. अडलेला प्रत्येक शब्द मी शब्दकोशात पाहिला आहे.

कारण असे की, येत्या रविवारी माझे पित्ताशय काढणार आहेत. वहिनी अँजेलीन त्याच हॉस्पिटलात नर्स आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, चार भोकं पाडतात, पिशवी काढतात, दुसऱ्या दिवशी घरी. मृत्युपत्र कसलं लिहितोस? लग्नाचा बायोडेटा लिही." पण संमतीच्या कागदावर मरणाची शक्यता छापलेली आहे, आणि मी वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही.

१. पाचूबंदरच्या घरातला माझा वाटा आईला. पप्पा ज्या मांडवात होड्या बांधत, तो मोडू नये. त्यात सुकी मासळी ठेवली तरी चालेल. बँकेत जे असेल तेही आईलाच. त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही.

२. पप्पांचा लाकूड तासायचा वाकस आणि रंधा वसईलाच राहावा. इथली माझी बारीक हत्यारे, म्हणजे कानशी, चिमटे आणि चार पटाश्या, माझी पुतणी नताशा हिला. ती आठ वर्षांची आहे. धार लावायला तिला बाराव्या वर्षानंतर शिकवावे.

३. आता पाणबुडीबद्दल. हे कलम लांब आहे, पण त्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

मी आणि माझे थोरले भाऊ रोनाल्ड इमारतींचे छोटे नमुने बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. ते फोरमन आहेत. दोन वर्षांपूर्वी इथल्याच मुऐदर भागातल्या एका संग्राहकाने पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा नमुना मागवला. एका बाजूने कापून आतले सगळे दिसेल असा, लांबी एक मीटरला थोडी कमी. ही पाणबुडी समुद्रात सुरुंग पेरणारी होती. तिच्या पुढच्या भागात वरून खाली आरपार गेलेल्या सहा तिरक्या नळ्या असत आणि एकेका नळीत तीन सुरुंग, म्हणजे एकूण अठरा. नळ्यांची खालची तोंडे मागच्या बाजूला झुकलेली असत, म्हणजे बोट पुढे जाताना सुरुंग मागे सुटे. तो वजनासकट तळाला बसे. मग पाण्यात विरघळणारे एक बूच हळूहळू विरे, आणि सुरुंग दोरखंडावर वर येऊन ठरलेल्या खोलीवर थांबे. तोवर बोट दूर गेलेली असे. बूच लवकर विरले तर सुरुंग बोटीखालीच उठे. अशा काही बोटी स्वतःच्याच सुरुंगाने बुडाल्या.

आणखी एक गोष्ट. नळ्या समुद्राला उघड्या असत, आत पाणी भरलेले. त्यामुळे सुरुंग किती खोलीवर थांबायचा ते बंदरातच ठरवावे लागे. एकदा निघाल्यावर कप्तानाला वाटले तरी हात घालता येत नसे.

हे मी चित्रांवरून आणि आकृत्यांवरून शिकलो. सहाही नळ्या मी कोरल्या. बसवायच्या दिवशी रोनाल्ड आले आणि म्हणाले, "अशा नाही, उलट्या. तोंडं पुढे."

मी म्हटले, "दादा, बोट पुढे जाते. सुरुंग पुढे पडला तर हिचंच पोट त्याच्यावर येईल."

"तू काय कप्तान झालास? ग्राहक मंगळवारी येतोय. चिकटव."

"ड्रॉइंग एकदा बघ ना."

"तू चड्डीत होतास तेव्हापासून मी ड्रॉइंगं बघतोय. खलास."

मी तरी थांबलो. दुपारी त्यांचा फोनवर आवाजी निरोप आला: "नळ्या मी सांगितल्या तशाच बसव, तोंडं पुढे. उलट बोलायचं नाही." मी बसवल्या. पप्पा म्हणत, कापलेलं लाकूड वाढत नाही. चिकटवलेल्या नळीचेही तसेच असते.

मंगळवारी ग्राहकाबरोबर नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी नमुना मिनिटभर पाहिला आणि हसत म्हणाले की ही बोट पहिल्याच फेरीत आत्महत्या करेल. मालकांचा चेहरा उतरला. तेव्हा दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमाने ठेवतात तसाच. आणि सर्वांसमोर हिंदीत म्हणाला, "छोटा भाई है साहब, नौवीं फेल. मैंने देखा नहीं, इसने चिपका दिया."

मी नववी नापास नव्हतो. नववीत मला अठ्ठावन्न टक्के होते. दहावीला बसलो नाही, कारण पप्पा गेले आणि दादाने व्हिसा पाठवला.

अकरा दिवसांत नळ्या काढून मी नव्या बसवल्या. खालच्या पितळी पाटीवर नाव रोनाल्ड तुस्कानो यांचे आहे. त्यानंतर मालकांनी मला नमुन्यांच्या टेबलावरून काढले. आज दोन वर्षे मी स्पंजची झाडे बनवतो. मोठमोठ्या टॉवरच्या पायाशी जी हिरवी झाडे दिसतात, ती माझी. झाड उलटे लावले तरी कोणी बुडत नाही.

४. तीच पाणबुडी मी घरी पुन्हा केली आहे, पप्पांच्या मांडवातून आणलेल्या सागवानाच्या तुकड्यांची. ती फ्रिजवर आहे. ती नताशाला. पाण्यात सोडू नये. तिच्याखाली कोणाच्याही नावाची पाटी लावू नये, माझ्याही नाही.

नताशाला मराठी कळते, उत्तर ती इंग्रजीत देते. बोट पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने सुरुंगावर बोट ठेवून विचारले, "अंकल, हू इज धिस फॉर?" मी म्हटले, "ज्याची बोट आधी येईल त्याच्यासाठी." ती म्हणाली, "ईव्हन मासेवाले?" मी हो म्हटले. खरेच आहे. त्या सुरुंगांवर मासेमारीच्या कितीतरी बोटी गेल्या. त्यांचे जर्मनांशी काही भांडण नव्हते. तिने सुरुंगावरचे बोट काढले. मग म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर," आणि चिप्स खायला गेली.

५. माझ्या कपाटात वरच्या खणात एक खाकी पाकीट आहे. त्यात नळ्या बसवल्या त्या दिवसाचे फोटो, माझ्या वहीचे पान आणि दादाचा आवाजी निरोप असलेले मेमरी कार्ड आहे. माझ्या मरणानंतर आठ दिवसांत ते कारखान्याच्या मालकांना आणि मुऐदरच्या ग्राहकाला पोचवावे. ही जबाबदारी माझा सहकारी इरशाद, मूळ राहणार रत्नागिरी, याच्यावर. याने काय होईल ते मला माहीत आहे. मालकांना खोटे चालत नाही, दादाची नोकरी जाईल. होऊ दे.

६. चर्चमध्ये माझ्याबद्दल दोन शब्द रोनाल्ड यांनी बोलू नयेत. माझ्याबद्दलचे त्यांचे दोन शब्द आधीच बोलून झाले आहेत.

७. साक्षीदारांबद्दल. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यात साक्षीदाराला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून पहिले साक्षीदार मी रोनाल्ड यांना केले आहे. वहिनींचा यात दोष नाही, म्हणून त्यांना आवडलेला माझा शिवणाच्या लाकडाचा डबा मी कालच हाताने दिला. दुसरा साक्षीदार इरशाद, म्हणून त्यालाही चहाचा थर्मास कालच दिला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही. पण वाचायला मनाईही नाही. पाचवे कलम मी लपवलेले नाही, ते मोठ्या अक्षरात आहे. रोनाल्ड यांनी ते वाचले आणि एक शब्द जरी बोलले, शिवी दिली तरी, पाकीट मी तिथेच त्यांच्या हातात देईन आणि विषय संपेल.

सहीच्या वेळची नोंद (हीसुद्धा मृत्युपत्राचा भाग समजावी):

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर दादा आला. गाडी खाली चालूच होती.

"कुठे करू?"

मी म्हटले, "आधी वाच ना."

"तुझं अक्षर सुंदर आहे, चुका नसणार. नताशाला डान्सला सोडायचंय. यल्ला, लवकर सांग, कुठे करू?"

मी बोटाने जागा दाखवली. त्याने सही केली, माझ्या केसांतून हात फिरवला आणि जिना उतरला.

इरशाद मात्र खुर्ची ओढून बसला. एकेका ओळीवर बोट ठेवत त्याने सगळे वाचले. पाचव्या कलमापाशी थांबला.

"हे पाकीट कुणासाठी?"

"दादासाठी."

"दादा एकटा राहतो त्या घरात?"

मी सहीची जागा दाखवली.

"वहिनी नर्स आहेत, त्यांचं निभेल. पण नोकरी जाऊन दादाला वसईला परत जावं लागलं, तर पोरगी एकतर आईकडे, नाहीतर बापाकडे. तिने काय चिकटवलं होतं रे?"

मी म्हटले, "त्याने वाचायला हवं होतं. मी संधी दिली होती."

"दिली होतीस. त्याने घेतली नाही. आता ती शिक्षा पोरीला?" मग त्याने फ्रिजवरच्या बोटीकडे पाहिले. "तूच मला सांगितलंयस ना, की निघाल्यावर हात घालता येत नाही?"

मी मेलो की यात कोणी हात घालू शकणार नाही. पण आज शुक्रवार आहे. मी अजून बंदरात आहे.

म्हणून कलम पाच मी पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडत आहे. पाकीट माझ्याबरोबर शवपेटीत, उजव्या हाताखाली ठेवावे. याला क्षमा समजू नये. ज्या दिवशी दादा स्वतःहून ते मागेल, त्या दिवशी मी जिवंत असेन तर देईन.

खाडाखोडीपाशी दोन्ही साक्षीदारांच्या सह्या लागतात. मी फोन केला. दादा अल हिलालच्या सिग्नलवरून परत आला, धापा टाकत जिना चढला.

"आता काय राहिलं?"

"इथे पण एक."

खोडलेल्या ओळी त्याच्या अंगठ्याखाली होत्या. त्याने सही केली आणि पेनचे टोपण बसवून माझ्या खिशाला लावले. तेही त्याने वाचले नाही.

ठिकाण: ओल्ड एअरपोर्ट, दोहा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून देणार: ब्रायन इनास तुस्कानो

साक्षीदार १: रोनाल्ड इनास तुस्कानो (दोन ठिकाणी सही, दोन्ही न वाचता)
साक्षीदार २: इरशाद (सर्व वाचून)