संत आंद्रेयाच्या झऱ्याचं पाणी

पात्रास, ४ ऑक्टोबर १९७८

चि. प्रोकोपिस यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. उर्सुलाला प्रेम, छोटीला पापे.

आई शनिवारच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे. नातीला बघायला म्हणते, पण तयारी कायमची दिसते. रोज कुणाचा तरी निरोप घेते. परवा किल्ल्यावर चढली आणि भिंतीतल्या पात्रिनेलाच्या दगडी पुतळ्याला बजावून आली, की गावात कुणी मोठं माणूस गेलं तर रडायचं तेवढं रड, ऐकायला मी नाही. काल जुन्या रोमन नाट्यगृहाच्या पायरीवर बसून भोपळ्याच्या बिया खाल्ल्या. बंदरावरचा दीपस्तंभ पाडणाऱ्यांना तर अजून शिव्या चालूच आहेत.

सगळीकडे गेली, पण संत आंद्रेयाच्या झऱ्याचं नाव काढत नाही. तिथलं पाणी पिऊन निघालेला माणूस परत येतोच, हे तिनेच आपल्याला शिकवलं ना? तू निघताना गाडी चुकेल म्हणून प्यायला नाहीस आणि अकरा वर्षं तोंड दाखवलं नाहीस. मी विषय काढला की म्हणते, गुडघे दुखतात. किल्ला चढताना नाही दुखले! ती परत आली नाही तर या घरात मी भांडू कुणाशी?

जिवाला जप.
तुझी,
अस्पासियाताई

श्टुटगार्ट, १५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. पिशवीतून ऑलिव्ह, बिहीचा मुरंबा आणि झऱ्याच्या पाण्याची एक बाटली निघाली. आम्हाला ओळीने बसवून पाजलं. उर्सुला औषध समजून नाक दाबून प्यायली. स्वतः मात्र थेंब घेतला नाही. म्हणाली, म्हातारीचं काय, कुठेही डोळे मिटेन. ताई, मग मीच शक्कल लढवली. तळाशी उरलेल्या घोटाची गुपचूप कॉफी करून तिला दिली. गोड कमी म्हणत प्यायली. आता काळजी सोड.

तुझा,
प्रोकोपिस

पात्रास, २४ ऑक्टोबर

चि. प्रोकोपिस,
अ. आ.

अरे शहाण्या, बाटलीतलं पाणी चालतं होय? झऱ्यावर उभं राहून ओंजळीने प्यावं लागतं, इथलं शेंबडं पोरही सांगेल. जर्मनीत राहून अक्कल पार गहाण पडली तुझी! म्हणजे तुमचंही फुकट, आईचंही फुकट. तुला सांगते, मला फार भीती वाटते आहे. ती एकटी निघायची नाही. तूच तिला घेऊन ये. संताच्या सणाला ये. ताईचं एवढं ऐक.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
ताई

श्टुटगार्ट, ६ नोव्हेंबर

ती. ताई,
सा. न.

तुझं पत्र वाचून राहवेना. साहेबाकडून सुट्टी ओढून घेतली. सणाला आम्ही सगळे येतो, आईसकट. लोभ आहेच, उरलेला समोर बसून दे. खाली आईला दोन ओळी लिहायच्या आहेत.

प्रोकोपिस

चि. अस्पासिया,
आशीर्वाद. बाटलीतलं चालत नाही, हे मला ठाऊक नसेल होय गं? निघायच्या आदल्या दिवशी तू बाजारात गेलीस, तेव्हा मी झऱ्यावर जाऊन पोटभर पिऊन आले. तुला सांगितलं असतं तर तू निवांत बसली असतीस आणि हा इथेच बसला असता. माझी खोली झाडून ठेव. झऱ्यावर येताना एक छोटा पेला आण. छोटीच्या ओंजळीत पाणी राहायचं नाही.

आई