माझ्याच पगाराला माझीच कात्री

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (पत्रातून घालायला सोपा जातो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? मी मजेत आहे. फक्त झोप लागत नाही, घास उतरत नाही आणि दारावर टकटक झाली की मी दिवा मालवतो. बाकी काळजीचं कारण नाही.

मामा, माझ्या कॉलेजसाठी काढलेलं ते कर्ज आठवतं ना, ज्याला तुम्ही जामीन राहिलात? नोकरी लागेपर्यंत ते थकलं. लागल्यावर मी खोल्या बदलत राहिलो आणि बँक मला शोधत राहिली. (मी लपत नव्हतो. फक्त नवा पत्ता कळवत नव्हतो.) शेवटी परवा कारखान्यात कोर्टाचा हुकूम आला, की या कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा चौथा हिस्सा कापून पाठवावा. आता आमच्याकडे पगार काढतं कोण? मीच! हुकूम माझ्यावर, आणि आला माझ्याच टेबलावर. वाटलं, फायलींखाली सरकवून द्यावा. पण तळाशी बारीक अक्षरांत होतं, कपात न केल्यास मालक जबाबदार. आणि आमचे मालक म्हणजे पंख्याचा वेग वाढवला तरी वीजबिलाच्या काळजीने वर बघणारे. मी हुकूम वरच ठेवला.

कपातीआधी कर्मचाऱ्याला लेखी समज द्यायची असते. ती मी मला दिली, मिळाल्याची सहीही घेतली. मग हुकूम घेऊन मालकांकडे गेलो. चष्मा न लावताच ते कडाडले, "कोण हा कर्जबुडव्या? बोलवा त्याला!" मी बाहेर गेलो, पाणी प्यायलो, दार वाजवून परत आत आलो. "अहो, त्याला बोलवा म्हटलं, तुम्ही काय आलात?" मी स्वतःकडे बोट दाखवलं. उलगडा व्हायला त्यांना वेळ लागला, तेवढ्यात मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडून मोकळा झालो होतो. पण ते एवढंच म्हणाले, "कपात तुम्हीच करायची. त्यासाठी जादा माणूस मिळणार नाही."

तर नोकरी शाबूत आहे. कर्ज काढून हिशेबच शिकलो होतो, त्यामुळे कपात एका पैशानेही चुकली नाही. शिक्षण वाया गेलं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. तुमच्या पेन्शनला मात्र मी धक्का लागू देणार नाही. निर्धास्त असा.

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्र खरं यासाठी लिहिलं. पैसे कुठे भरायचे हे विचारायला मी कारखान्याचा कारकून म्हणून बँकेत फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचा तो माणूस कधी हाती लागला नाही, पण त्याचे मामा इतकी वर्षं अधूनमधून येतात, जमेल तेवढं भरून जातात. भाच्याला सांगू नका म्हणतात. त्याला काही लाज आहे की नाही हो?" मी म्हणालो, "नाही बाई, अजिबात नाही." फोन ठेवला आणि सांडलेल्या टाचण्या वेचायच्या निमित्ताने टेबलाखाली बसून रडलो. मामा, आता भरू नका. हात जोडतो.

ता. क. २ : या महिन्याचे भरून आला असाल, तर मात्र असू द्या, लगेच परत मागू नका. माझं खोलीभाडं थकलंय.