घोड्याखालचे टोपडे

मी, व्हर्डी मे स्कॅग्स, कै. होबर्ट स्कॅग्स यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार बीच लिक, वेस्ट व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहिलेले नाही; दीर एल्झी स्कॅग्स यांनी दडपण आणून पाहिले, ते स्वतःच थकले. याआधी अनेकदा लिहायला बसले होते, पण दर वेळी होबर्टच्या बंदुकीपाशी येऊन हात थांबायचा. आता थांबणार नाही.

कलम पहिले. घर, कोठार आणि मागची टेकडी वरच्या कुंपणापर्यंत माझी एकुलती एक मुलगी नोरीन हिला मिळावी. परसातले सफरचंदाचे वाकडे झाड तिने तोडू नये. दिसायला भिकार आहे, पण मुरंबा त्याच्याच फळांचा चांगला होतो. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन करावे आणि उरेल ते तिने घ्यावे. शवपेटी साधी असावी. दुकानदार महागडी गळ्यात मारायला बघेल, तेव्हा बोलणी करायला नोरीनने नवऱ्याला, म्हणजे डॅरेलला, पाठवावे. तो समोरच्याला बोलून बोलून जेरीस आणतो.

कलम दुसरे. बिडाचा तवा नोरीनचा. त्याला साबण लावला तर मी जिथे असेन तिथून मला कळेल. बरण्या चर्चच्या बायकांनी वाटून घ्याव्यात. घेवड्याच्या शेंगा भरून ज्या बरण्या आयव्हा नेल होल्बर्ट घेऊन गेली, त्या तिने आधी परत कराव्यात. ती आज साक्षीदार म्हणून माझ्यासमोरच बसली आहे, त्यामुळे हे तिच्या कानावर गेले असे समजावे.

कलम तिसरे. होबर्टची ठासणीची बंदूक.

ही बंदूक होबर्टने स्वतः घडवली. दस्ता आमच्याच टेकडीवर वीज पडून कोसळलेल्या अक्रोडाचा आहे. दारू आणि गोळी वरून नळीत ठासायची, मागच्या पोकळ खुंटीवर स्फोटक मसाल्याची तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाऊन बार. एकदा भरली की ती दिवसभर भरलेलीच असते. माणूस मात्र दिवसभर सावध असतोच असे नाही. म्हणून या घराची शिस्त ठरलेली होती. नळी कोणाकडे वळवायची नाही. टोपी शिकारीच्या जागेवर बसल्यावरच लावायची. कुंपण आले, ओढा आला, चढायची वेळ आली, तर टोपी काढायची, खुंटीवर चामड्याचा तुकडा ठेवायचा आणि घोडा हलकेच त्यावर टेकवायचा. बंदूक आधी तारेखालून सरकवायची, माणसाने मग ओलांडायचे. संध्याकाळी कोठारामागच्या मातीच्या दरडीत बार काढून टाकायचा. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आली नाही, येणार नाही.

होबर्टच्या थडग्यावरची माती बसायच्या आत एल्झीने ही बंदूक मागितली होती. तोच एल्झी, जो त्या चामड्याला आयुष्यभर 'बाळाचं टोपडं' म्हणत आला. त्याला ती दिली असती तर वर्षाच्या आत कोणाचे तरी रक्त सांडले असते. दुसरा उमेदवार जावई डॅरेल. त्याने लग्नाच्या दिवशीच ट्रक मागे घेताना माझे कोंबड्यांचे खुराडे पाडले. तोंड चालू आणि हात भलतीकडे, असे माझे त्याच्याबद्दलचे मत होते. नोरीनला शिकारीचा कंटाळा. मी करवतीने नळी कापून टाकायचा विचार करत होते. होबर्टने घडवलेली वस्तू आपल्या हाताने कापणे जिवावर यायचे. पण ती कोणाच्या तरी मुलाबाळांचा जीव घेईल ही भीती त्याहून मोठी होती.

गेल्या डिसेंबरात, फक्त ठासणीच्या बंदुकीने शिकार करायची मुभा असते त्या आठवड्यात, मी, एल्झी आणि डॅरेल असे तिघे टेकडीवर गेलो. होबर्टची बंदूक मी डॅरेलच्या हातात दिली होती. वरच्या कुंपणाशी एल्झीला ओकच्या झाडांपलीकडे हरीण दिसले. मी आधी ओलांडून पुढे झाले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. डॅरेलची टोपी दमट हवेने घट्ट बसली होती; ती तो चाकूच्या टोकाने उचकटत होता, एवढे मला आवाजावरून कळले. पुढचे बोलणे मी शब्दन् शब्द ऐकले.

"अरे, टोपी निघाली ना? मग आता ती काठी झाली," एल्झी म्हणाला. "टोपडं काय घालत बसलायस? हरीण काय तुझ्यासाठी खोळंबणारे?"

"दोन मिनिटं, अंकल एल्झी. मिस व्हर्डी पुढं उभ्या आहेत."

"तिची पाठ आहे इकडं! तिला काय दिसतंय?"

"त्यांना दिसत नाही म्हणूनच. मला दिसतंय ना."

मग वाकून बंदूक तारेखाली ठेवताना बर्फावरून त्याचा पाय सटकला. बंदूक त्याच्या हातून सुटली, उतारावर गर्रकन फिरली आणि तिचा घोडा दगडावर आदळला. बद्द असा आवाज झाला. मी वळून पाहिले तर नळी सरळ माझ्या कोटाच्या डाव्या खिशाकडे.

"बघ, काही झालं का?" एल्झी म्हणाला. "टोपीच नाही, तर होणार काय! उगाच टोपड्यात वेळ घालवला. गेलं हरीण."

मी बंदूक उचलली, नळी आभाळाकडे धरली आणि चामडे जरा वर करून पाहिले. उचकटताना टोपी फाटली होती आणि तिच्यातल्या मसाल्याची खपली खुंटीच्या तोंडाशी चिकटून राहिली होती. चामडे पुन्हा खाली सारून मी शिकार तिथेच संपवली आणि दोघांना कोठारामागे नेले. तिथे डॅरेलला म्हटले, "नळी दरडीकडे धर. टोपी लावू नकोस. चामडं काढ, घोडा चढव आणि चाप ओढ."

"वेड लागलं का व्हर्डी?" एल्झी म्हणाला. "खुंटी रिकामी आहे!"

बार झाला. पूर्ण, भरदार बार, टोपीशिवाय. कोठारावरचे सगळे कावळे उडाले. एल्झी उपड्या बादलीवर बसला आणि त्याने डोक्यावरची हॅट काढली. डॅरेलने बंदूक हलकेच कोठाराच्या भिंतीला टेकवली.

"मिस व्हर्डी," तो म्हणाला, "मी जर त्यांचं ऐकलं असतं..."

"पण ऐकलं नाहीस ना, बाळा. चल, मक्याची भाकरी गार होतेय."

घरात आल्यावर मी खोलीचे दार लावून पोटभर रडले. दुःखाने नाही. मी जिवंत होते, माझी लेक सुरक्षित हातांत होती आणि होबर्टच्या बंदुकीला करवत लागणार नव्हती. इतके हलके मला तो गेल्यापासून कधी वाटले नव्हते.

म्हणून ही बंदूक, गोळ्या ओतायचा साचा, शिसे वितळवायची पळी आणि दारू ठेवायचे शिंग जावई डॅरेल यास द्यावे. ठासायच्या गजावर, रिकाम्या नळीत तो जिथवर जातो तिथे, होबर्टने खाच पाडलेली आहे. बंदूक हातात घेताना प्रत्येक वेळी तो गज नळीत सोडून पाहावा. खाच नळीच्या तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. खुराड्याबद्दल मी त्याला या कलमाने माफ करते.

कलम चौथे. दीर एल्झी यांस बंदूक मिळणार नाही. नाताळच्या आदल्या दिवशी ते मागच्या दाराने आले आणि अंगणाकडे बघत म्हणाले, "व्हर्डी, ते... तसलं चामड्याचं एखादं जास्तीचं असेल का गं तुझ्याकडं?" मी म्हटले, "काय? नाव काय त्याचं?" बराच वेळ घुटमळून ते "टोपडं" म्हणाले. तेव्हा, मी स्वतः कापून शिवलेले एक नवे टोपडे त्यांस द्यावे. ते त्यांनी स्वतःच्या बंदुकीला बांधावे आणि नोरीनने ते बांधलेले आहे याची खात्री करून घ्यावी. होबर्टचा लोकरी कोटही त्यांनाच द्यावा. भाऊ होता तो त्यांचा, हे मी विसरलेले नाही.

कलम पाचवे आणि शेवटचे. त्या संध्याकाळी डॅरेलने दरड उकरून गोळी काढली. बटणासारखी चपटी झाली आहे. ती आठवण म्हणून त्याला हवी आहे, त्याने ती दोनदा मागितलीही. ती त्याला देऊ नये. मला शवपेटीत ठेवाल तेव्हा माझा शिकारीचा कोट घालावा आणि ती गोळी त्याच्या डाव्या खिशात ठेवावी. ती तिकडेच निघाली होती. माझ्या जावयाने तिला थांबवून धरले. आता माझी वेळ झाल्यावर तिला सावकाश पोहोचू द्या.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे व तो माझ्या मनाप्रमाणे आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना करताना पाहिले. त्यानंतर आम्ही तिघांनी कॉफी घेतली.

सही: व्हर्डी मे स्कॅग्स

साक्षीदार: १. ल्यूथर कॅसडी, शेजारी
२. आयव्हा नेल होल्बर्ट (बरण्या शनिवारी आणून देते)

स्थळ: बीच लिक, वेस्ट व्हर्जिनिया
दिनांक: ११ जानेवारी १९८८